असईचं रण पायी चालताना: केळणा आणि जुईच्या मधली ती जीभ

पायवाट

असईच्या लढाईबद्दल गेली चार-पाच वर्षं मिळेल ते वाचत होतो. तारीख, पलटणी, तोफांचे आकडे सगळं तोंडपाठ झालं होतं, तरी एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. २३ सप्टेंबर १८०३ ला दुपारी इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्यापाशी रणात उतरवण्याजोगी साडेचार हजार माणसं आणि सतरा तोफा होत्या. समोर शिंदे-भोसल्यांचं सगळं मिळून पन्नास हजारांच्या आसपास सैन्य, त्यात कवायती पायदळ दहा हजारांवर आणि तोफा शंभराच्या पुढे. वर मधे नदी. मदतीला येणारा स्टीव्हन्सन एका दिवसाच्या अंतरावर होता. तरी हा माणूस थांबला नाही. का? कागदावर उत्तर मिळेना, म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला जाऊन राहिलो आणि दोन दिवस तो मुलूख पायांनी चाललो. मुद्दाम तेच दिवस निवडले. नदीला पाणी तेवढंच असावं, वावरात पीक उभं असावं, सूर्य त्याच जागी असावा.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना तो मान्य नव्हता, त्यातून युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला पडला. मग महिनाभर दौलतराव शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले मराठवाड्यात घोडदळ फिरवत राहिले आणि इंग्रज त्यांच्या मागे.

मी नळणीपासून सुरुवात केली. वेलस्लीचं सैन्य सकाळची मजल मारून इथे पोचलं आणि इथेच त्याला कळलं, की मराठ्यांचा तळ वाटला होता त्याहून फार जवळ आहे. सामानसुमान इथे ठेवून तो पुढे निघाला. नळणीहून केळणेकडे जाताना जमीन दिसायला सपाट आहे. पण सपाट नाही. पायांना ते लगेच कळतं. हळूच चढते, हळूच उतरते. एका ठिकाणी माझ्यासमोरून जाणारी बैलगाडी आधी जुवापर्यंत बुडाली, मग गाडीवानाच्या मुंडाशापर्यंत, मग दिसेनाशीच झाली. मी पाचशे पावलांवर उभा होतो आणि मध्ये एक झाडही नव्हतं. अशा जमिनीत एक अख्खी पलटण लपते, हे मला कुठल्याही नकाशाने सांगितलं नव्हतं.

मग केळणा. इंग्रजी कागदांत तिला कैलना किंवा कैत्ना म्हटलंय. काठ बऱ्याच ठिकाणी उभा तुटलेला, दोन-तीन पुरुष दरड. माणूस कसाबसा उतरेल, तोफेचा गाडा नाही. मराठ्यांचा तळ पलीकडच्या काठाने भोकरदनच्या बाजूपासून पूर्वेकडे पसरला होता. समोरून नदी ओलांडायची तर तोफांच्या तोंडी जायचं. वाटाड्यांनी सांगितलं, की दुसरा उतार, म्हणजे पाण्यातून पायी पलीकडे जाता येईल अशी जागा, जवळपास नाही. वेलस्लीने पूर्वेला पाहिलं, तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी एकमेकांसमोर बसलेली असतील, तर त्यांच्यात ये-जा असणारच, आणि ये-जा असेल तर उतारही असणार, हा त्याचा हिशोब.

मी त्या दरडीवर बसून दोन्ही काठ पाहत होतो, तेव्हा एक आजी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन पलीकडून पाण्यात उतरल्या. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, पायाखाली न बघता चालत होत्या. नदीच्या मध्यावर जरा डावीकडे वळल्या, पुन्हा सरळ झाल्या आणि माझ्याजवळून वर आल्या. मी विचारलं, मधे वळलात का? म्हणाल्या, "तिथं खळगा हाय बाबा." मग मीही त्यांच्याच रेषेने उतरलो. पाणी मांडीपर्यंत, तळाला गोटे, त्यावर शेवाळं. पलीकडे पोचायला मला सहा-सात मिनिटं लागली. याच पाण्यातून ती माणसं तोफांचा मारा अंगावर घेत गेली. वेलस्लीच्या शेजारच्या एका घोडेस्वाराचं मुंडकं गोळ्याने उडालं आणि धड तसंच खोगिरावर बसून राहिलं, असं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांनी लिहून ठेवलंय. वाचताना अंगावर काटा आला होता. पाण्यात उभा असताना मात्र वेगळंच जाणवलं. इथे पळायला जागाच नाही. पाय सोडवून घ्यायलाच सगळं लक्ष लागतं.

आता मुद्द्याचं. केळणेच्या उत्तरेला जुई वाहते आणि पूर्वेकडे दोघींचा संगम होतो. त्यामुळे मधली जमीन जिभेसारखी आहे, पश्चिमेला रुंद आणि संगमाकडे अरुंद होत जाणारी. वेलस्ली नेमका त्या अरुंद भागात चढला आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. मी केळणेच्या काठापासून जुईच्या काठावरच्या असई गावाकडे सरळ चाललो, बांधाबांधाने, सोयाबीन आणि कपाशीतून. वीस-पंचवीस मिनिटं लागली. बस, एवढीच रुंदी! पश्चिमेकडे तोंड केलं तर डाव्या हाताला केळणेची दरड, उजव्या हाताला जुईची. तीस हजार घोडा असला तरी त्याला इथे वळसा घालायला वाव नाही. मोकळ्या माळावर ज्या घोडदळाने या चिमूटभर सैन्याला चहूबाजूंनी गुंडाळलं असतं, ते इथे निरुपयोगी झालं. मला पाच वर्षं न सुटलेलं कोडं त्या वीस मिनिटांत सुटलं. त्याने पन्नास हजारांशी लढाई घेतलीच नाही. जेवढे त्या पट्ट्यात मावतील तेवढ्यांशीच घेतली.

आणखी एक. लढाईला तोंड लागलं दुपारी तीनच्या सुमारास, आटोपली सहाच्या आसपास. मी चार वाजता पश्चिमेकडे तोंड करून तिथे उभा राहिलो, तर ऊन थेट डोळ्यांत. हात कपाळाला लावल्याशिवाय समोरचं काही दिसेना. त्या दिवशी आभाळ कसं होतं देव जाणे, पण मोकळं असेल तर इंग्रज आंधळ्यासारखे तोफांवर चालून गेले असणार.

तिकडचे कोणी सभासद असतील तर जरूर लिहा. इतरांनीही आपले अनुभव सांगावेत.

---

शिवारातला

पायवाट दादा, आमचं वावर केळणेच्या काठालाच आहे. वाचताना डोळे भरून आले. आमच्या गावावर कोणी एवढं मन लावून लिहिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

उताराचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. पण एक सांगतो, उतार जागेवर बसून राहत नाही. मोठा पूर गेला की वाळू-गोटे सरकतात, जुना उतार खोल होतो आणि वर-खाली दुसरीकडे नवा पडतो. माझ्या लहानपणी आम्ही बैल जिथून उतरवायचो तिथं आता बंधाऱ्याचं पाणी तुंबतं, पुरुषभर असतं. म्हणून तुम्ही ज्या रेषेनं उतरलात तीच १८०३ ची, असं छातीठोक म्हणता येणार नाही. गावं मात्र हलत नाहीत. गावाच्या पांढरीवरून नदीकडं येणारी गाडवाट कुठं तोंड काढते ते बघा, जुना उतार त्याच्या आसपासच सापडेल.

दुसरं म्हणजे आमची काळी माती. तुम्ही बांधानं चाललात म्हणून निभावलं. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांत वावरात पाय घाला, बुटाला एवढी ढेप चिकटते की पाय उचलत नाही. बैलांची तोफ ओढायची तर काय हाल झाले असतील!

---

कागदपत्रे

उत्तम लेख. पण दोन गोष्टी मांडतो, कारण अशा लेखांतून एकच बाजू पक्की होत जाते.

दोन गावांवरून उतार ओळखल्याची गोष्ट वेलस्लीने स्वतः सांगितलेली आहे आणि विजयी माणसाने मागाहून सांगितलेल्या गोष्टीला जरा हात राखूनच घ्यावं. त्याने नुसत्या अंदाजावर सैन्य नदीत घातलं नाही. कॅप्टन जॉन्सन हा त्याचा इंजिनिअर अधिकारी आधी पाठवून उतार आहे याची खात्री करून घेतली. अंदाज त्याचा, पण पाय जॉन्सनचे.

दुसरं, त्याने मानलं होतं ते सगळंच खरं ठरलं नाही. त्याला वाटलं होतं, की आपण बगलेवर अचानक जाऊन पडू आणि समोरचे गडबडतील. गडबडले नाहीत. शिंद्यांच्या पायदळाचं नेतृत्व पोलमन या हॅनोवरच्या माणसाकडे होतं. त्याने नदीकडे तोंड असलेली सगळी फळी नव्वद अंशांत फिरवून नव्या दिशेला उभी केली, उजवी बाजू केळणेवर आणि डावी असई गावावर. म्हणजे जी अरुंद जागा वेलस्लीने स्वतःच्या बगला झाकायला निवडली, तिनेच पोलमनच्याही बगला झाकल्या. इंग्रजांना मग वळसा उरलाच नाही, सरळ तोफांच्या तोंडी जावं लागलं. जमीन कुणा एकाची बाजू घेत नाही.

---

पायवाट

@शिवारातला, गाडवाटेचं सांगितलंत ते फार मोलाचं. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो.

@कागदपत्रे, मान्य. जॉन्सनचा उल्लेख मी करायला हवा होता. पण मला अजून सलतं ते असं: तो उतार वाटाड्यांनी नाकारला आणि आपल्या बाजूने कोणी धरून ठेवला नाही. पन्नास माणसं आणि चार तोफा त्या दरडीवर असत्या तर? चाऱ्याचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईला जे ठाऊक होतं ते छावणीत कोणी विचारलंच नाही?

---

निवृत्त तोफची

तोफखान्यात सव्वीस वर्षं काढली, म्हणून थोडं मोठं लिहितो. पायवाट, उताराबद्दलचं तुमचं दुःख समजतं. पण त्या सकाळी छावणीत काय चाललं असेल ते पाहा. एवढ्या थोड्या फौजेनिशी वेलस्ली चालून येईल असं शिंदे-भोसल्यांना वाटलंच नव्हतं, आणि ते दोघे सकाळीच तळावरून निघून गेले होते. म्हणजे सैन्य त्या दिवशी लढाईच्या मनःस्थितीत नव्हतं. शिवाय या कवायती पलटणींतले बरेचसे इंग्रज अधिकारी आधीच नोकरी सोडून गेले होते. कंपनी सरकारने जाहीरनामा काढून त्यांना शिंद्यांची चाकरी सोडायला लावलं होतं. टेहळणीला कोण जाणार, चौकी कोण बसवणार, याची घडीच मोडली होती. अशा स्थितीत पोलमनने फळी फिरवली, हेच मोठं. कवायत मैदानावर नव्वद अंशांत फळी फिरवणं मी पाहिलंय, केलंयही. दहा हजार माणसं आणि त्यांच्या तोफा, समोर शत्रू नदी उतरतोय, पायाखाली वावरं आणि बांध, आणि फळी न तुटता फिरते. याला वर्षानुवर्षांची शिस्त लागते. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीला हाताशी धरून उभी केलेली ती शिस्त होती.

आता तोफांबद्दल. इंग्रजांनी आपल्या सतरा तोफा पुढे आणल्या, पण मराठ्यांच्या गोळ्यांनी त्यांचे बैलच मारले, त्यामुळे त्या मागे राहिल्या आणि पायदळाला तोफांच्या आधाराशिवाय चालून जावं लागलं. डावीकडची ७८ वी हायलँडर पलटण तोफांच्या रांगेपर्यंत पोचली. आपलं पायदळ मागे हटलं, तेव्हा गोलंदाज मात्र तोफा सोडून हटले नाहीत. संगिनींनी भोसकले गेले ते तोफांपाशीच. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढे जाताच उठून तोफा उलट्या वळवून त्यांच्या पाठीवर डागल्या. त्या परत घ्यायला वेलस्लीला स्वतः पलटण मागे फिरवावी लागली. मी स्वतः तोफेवर उभा राहिलोय. आजूबाजूला रक्तात पडलेले सोबती, अंगावरून शत्रूची रांग गेलेली, आणि तशात उठून तोफेचं जड शेपूट दोन-चार माणसांनी उचलून वळवायचं, भरायची, डागायची. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याकडे नाही. बरेचसे उत्तर हिंदुस्थानातले असतील, मराठी बोलणारेही नसतील. पण उभे होते ते शिंद्यांच्या निशाणाखाली.

हाती लागलेल्या तोफा अठ्ठ्याण्णव. इंग्रजांचे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. रणात उतरलेल्या तिघांमागे एकाहून जास्त. खुद्द वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून पडला, दुसऱ्याला भाला लागला.

आणि इंग्रजांची उजवी बाजू पाहायची असेल तर असई गावाच्या पूर्वेकडून चाला. पुढच्या तुकडीचा ऑरॉक गावापासून दूर राहायच्या हुकुमाऐवजी सरळ गावाच्या दिशेने वाहवत गेला, त्याच्या मागे ७४ वी पलटण. गावाभोवतीच्या तोफा-बंदुकांनी त्यांची चाळण केली. मॅक्सवेलचं घोडदळ धावून आलं म्हणून थोडे वाचले. मॅक्सवेलही त्याच संध्याकाळी पडला. ऑरॉक का वाहवत गेला, यावर खूप लिहिलं गेलंय. तुम्ही बैलगाडी बुडताना पाहिलीत ना? मला वाटतं, तसल्याच जमिनीत डावीकडची इंग्रजांची फळी त्याला दिसेनाशी झाली असेल आणि दिसत होतं ते फक्त समोरचं गाव. दिसणाऱ्या खुणेकडे पाय आपोआप वळतात.

---

कपाशी

वाचनखूण साठवली आहे. निवृत्त तोफची काका, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. माझं माहेर सिल्लोडचं. भोकरदनवरून शेकडो वेळा गेले असेन आणि शाळेत या लढाईला अर्धी ओळ होती. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सांची-भारहुतच्या शिलालेखांत नाव असलेलं, तेही फार उशिरा कळलं. दिवाळीत मुलांना घेऊन जायचं आहे. तेव्हा नदीत उतरता येईल का?

---

सातासमुद्रापार

मी नोकरीनिमित्त ब्रसेल्सला असते. याच वेलस्लीची (पुढे तोच वेलिंग्टनचा ड्यूक झाला) दुसरी लढाई, वॉटर्लू, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिकडे तीनदा चालून झालंय, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही.

वॉटर्लूला दरवर्षी लाखो लोक येतात, संग्रहालय आहे, पाट्या आहेत, सगळं आहे. नाही ती फक्त जमीन. तिथे २२६ पायऱ्यांचा एक प्रचंड मातीचा डोंगर आहे, वर सिंह. डच राजाने मुलगा जखमी झाला त्या जागेची आठवण म्हणून तो रचला, १८२६ ला पुरा झाला. आणि माती आणली कुठून? त्याच रणातल्या धारेवरून खरवडून! ज्या उंचवट्याच्या पाठीमागे वेलिंग्टनने आपली माणसं फ्रेंच तोफांपासून लपवली होती, ती धारच बुटकी झाली. त्याने नंतर ते पाहून माझं रण बिघडवलं असं म्हटल्याचं सांगतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सिंहावर चढून फोटो काढले आणि खाली उतरले, काही कळलं नाही. तिसऱ्या वेळी धारेच्या शाबूत राहिलेल्या टोकाकडे गेले, उताराच्या पाठीमागे गुडघ्यावर बसले, आणि समोरचं पूर्ण मैदान नाहीसं झालं. तेव्हा कळलं.

त्याच माणसाला म्हातारपणी विचारलं, की तुमची रणातली सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तर त्याने उत्तर दिलं असई. वॉटर्लू नव्हे. आणि ती जमीन तुमच्याकडे अजून सोयाबीनखाली जशीच्या तशी पडून आहे. शिवारातला दादा, कधी कोणी तिथे मोठं काही बांधायला आलं तर माती कुठून उचलताय हे आधी विचारा.

---

शिवारातला

ताई, हे मनाला लागलं. आमच्याकडं डोंगर नाही रचणार कोणी, पण सपाटीकरण चालू आहे. मशीन लावून वावरं एक पातळी करतात, उंचवटा खणून खोलगटात भरतात. पाणी सारखं मुरावं म्हणून करतात, शेतकऱ्याला दोष नाही, मीही दोन एकर केलंय. पण पायवाट दादांची बैलगाडी जिथं बुडाली तसल्या जागा दर उन्हाळ्यात कमी होत चालल्यात. यायचं असेल तर लवकर या.

आमच्या घरात एक लोखंडी गोळा आहे. आजोबांना नांगरताना सापडला होता. आजी त्याला दाराला टेकण म्हणून लावायची, वारा सुटला की दार आपटायचं नाही. आम्ही पोरं तो पायाने ढकलत खेळायचो. निवृत्त तोफची काकांचा प्रतिसाद वाचल्यावर काल तो धुवून पुसून देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला. कुणाच्या तोफेतला, कुणाच्या अंगावर गेलेला, काय माहीत.

कपाशी ताई, दिवाळीत पाणी उतरलेलं असतं. पण मुलांना बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊ नका. कोणीतरी गावचं सोबत घ्या.

---

पायवाट

सगळ्यांचे आभार. बरंच नव्याने बघायचं आहे.

मी जुईचा पलीकडचा काठ चाललोच नाही, ही माझी चूक. आपली दुसरी फळी शेवटी जुईकडे पाठ करून उभी राहिली आणि मग नदी उतरून उत्तरेला गेली. इंग्रजांचं घोडदळ इतकं थकलं होतं, की पाठलाग झाला नाही. ते पायदळ ज्या पाण्यातून गेलं ते पाहायचं आहे. तिथली दरड किती उंच आहे, जखमी माणसाला ती चढता येईल का? इंग्रजांच्या जखमींना अजिंठ्याला हलवलं, तिथे इस्पितळ उभं केलं, याची नोंद आहे. आपल्या जखमींना कोणी कुठे नेलं असेल?

@शिवारातला, तुमची हरकत नसेल तर येत्या २३ सप्टेंबरला सकाळी नळणीहून निघू, केळणा तुमच्या गाडवाटेने उतरू, दुपारी तीनला त्या जिभेवर, आणि सहाच्या आत जुई ओलांडून पलीकडे. निवृत्त तोफची काका, तुम्हाला चालवेल का? नाहीतर मधल्या टप्प्यासाठी गाडी ठेवू. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच कळवा. बूट जुने आणा, काळी माती सोडत नाही.

---

निवृत्त तोफची

गाडी नको. नळणीपासून चालेन.

---

शिवारातला

या. पिठलं-भाकरी आमच्याकडं. तो गोळा सोबत घेऊन येतो.